पात्रानं मागितलं काय, ते आधी वाच

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

महाभारतातल्या ययातीच्या कथेवरचं तुझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण आणि सोबतची चिठ्ठी, दोन्ही वाचून झाली. प्रकरणापेक्षा चिठ्ठी सरस आहे. चिठ्ठीत तू मनातलं लिहिलंस: देवयानीचा राग येतो, मग तिची कीव येते, शर्मिष्ठेची बाजू घ्यायला जावं तर तिनंच आधी हात उचललेला असतो, आणि ययातीबद्दल काय बोलावं तेच कळत नाही. ‘सर, नक्की कोणाच्या बाजूनं लिहू?’ प्रकरणात मात्र हा सगळा गुंता तू ‘कामना आणि अहंकार यांचा संघर्ष’ या शब्दांखाली गाडून टाकलास. पानोपानी तोच संघर्ष. कोणाची कामना, कसला अहंकार, कधी, कोणासमोर, याचा पत्ता नाही.

कोणाच्याच बाजूनं लिहू नकोस. पात्रानं मागितलं काय, ते आधी वाच. समोर बसेल त्याला मी आयुष्यभर हेच सांगत आलोय, तुलाही तेच सांगणार, कंटाळलीस तरी. माणसाला हवं असतं एक आणि तोंडून निघतं दुसरंच, कारण हवं ते उघड मागण्यात मान जातो. हवं ते आणि मागितलं ते यांतलं अंतर सापडलं की नातं कुठे तडकलं ते दिसायला लागतं.

भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतलं आदिपर्व घे, अध्याय ७१ ते ८०. एका बैठकीत वाच, हातात पेन्सिल ठेव, आणि जिथे कोणी काही मागेल तिथे खूण कर. देवगुरू बृहस्पतींचा मुलगा कच असुरांच्या गुरूंकडे, शुक्राचार्यांकडे, येतो संजीवनीसाठी, मेलेल्याला उठवणाऱ्या विद्येसाठी, पण मागतो शिष्यत्व. असुर त्याला पुन्हा पुन्हा मारतात आणि शुक्राचार्यांची मुलगी देवयानी पुन्हा पुन्हा बापाकडून त्याचा जीव मागून घेते. विद्या हाती आल्यावर तो निघतो, तेव्हा कुठे ती स्वतःसाठी काही मागते: माझं पाणिग्रहण कर. तो म्हणतो, तू गुरुकन्या, शिवाय ज्या उदरात तू राहिलीस तिथेच मीही राहिलो (असुरांनी त्याला जाळून त्याची राख शुक्राचार्यांच्याच पोटात घातली होती), म्हणजे तू बहीण. इथे तू लिहिलंस, ‘प्रेमभंगातून सूड’. अगं, शाप कोणता देते ते तरी बघ! तुझं वाटोळं होवो, असं ती म्हणत नाही. तुझी ही विद्या तुला फळणार नाही, म्हणते. जी मिळवताना तिचा जीव टांगणीला लागला होता, नेमकी तीच. नकार तिनं एक वेळ सोसला असता. आपण कामापुरते होतो, हे तिला सोसलं नाही.

आता विहीर. इथे घाई केलीस तर पुढचं सगळं फुकट. वाऱ्यानं कपडे एकत्र केले (वारा म्हणजे इंद्र, पण ते सध्या सोड) आणि असुरांचा राजा वृषपर्वा याच्या मुलीनं, शर्मिष्ठेनं, न कळत देवयानीचं वस्त्र घेतलं. देवयानी फणकारते, शिष्या असून माझं वस्त्र कसं घेतलंस? शर्मिष्ठेचं उत्तर पाठ करून ठेव. तुझा बाप माझ्या बापापुढे खाली उभा राहून भाटासारखी स्तुती गातो. तू मागणाऱ्याची मुलगी, मी देणाऱ्याची. मागणं हीच इथे शिवी झाली आहे. मग कपड्यांची ओढाओढ आणि देवयानी कोरड्या विहिरीत.

राजा ययाती उजवा हात धरून तिला वर काढतो आणि आपल्या वाटेनं जातो. ती नगरात पाऊल टाकायला तयार होत नाही. शुक्राचार्य तिला क्षमेबद्दल चार गोष्टी सांगतात, चांगल्या सांगतात, पण तिला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: ती म्हणाली ते खरं का? मी स्तुती गाणाऱ्याची मुलगी का? विहिरीपेक्षा तो शब्द खोल गेलाय. पुढे शुक्राचार्य असुरांना सोडून जायला निघतात, तेव्हा वृषपर्वा आपलं सगळं धन त्यांच्यापुढे ठेवतो. देवयानीला हवा आहे बापाचा मान. मागते काय? हजार दासींसह शर्मिष्ठा माझी दासी व्हावी, आणि बाप मला जिथे देईल तिथे तिनं माझ्यामागून यावं. इथे पेन्सिल दोनदा ओढ. स्वतःच्या संसारात शर्मिष्ठेला तिनं स्वतःच्या मागणीनं आणून ठेवलं. कोणी याला नशीब म्हणतं, कोणी कचानं उलट दिलेल्या शापाकडे बोट दाखवतं. शापानं ऋषिपुत्र नवरा मिळाला नाही, एवढंच. शर्मिष्ठा आली ती मागणीमुळे.

आणि शर्मिष्ठा दासी व्हायला येते, तेव्हाही देवयानी डिवचतेच: मी भाटाची मुलगी, स्तुती ऐकणाऱ्याची मुलगी माझी दासी कशी होईल? शर्मिष्ठा म्हणते, संकटात सापडलेल्या आप्तांना ज्यानं सुख लाभेल ते करावं. तुझा बाप तुला देईल तिथे मी येईन. बस, एवढंच. शर्मिष्ठेवर तू इतकं लिहिलंस आणि हे वाक्य सुटलं कसं? आपल्या कुळासाठी मान गिळणारी ही मुलगी त्याच तोंडानं काल काय बोलली होती, ते शेजारी ठेवून वाच. मग ‘अन्याय झालेली’ हे विशेषण तुला स्वतःलाच अपुरं वाटेल.

पुढे देवयानीचं ययातीशी लग्न होतं आणि शर्मिष्ठा दासी म्हणून सोबत जाते. तिथला अशोकवनाचा प्रसंग मी कितीही वेळा वाचला तरी अंगावर काटा येतो. शर्मिष्ठेला मूल हवंय. ती विनवणी करत नाही, राजापुढे कायदा मांडते. बायको, दास आणि मुलगा या तिघांना स्वतःचं धन नसतं; ते ज्याचे, त्याचंच त्यांचं धन. मी देवयानीची दासी, देवयानी तुमच्या अधीन. तेव्हा तिच्यासारखाच माझाही सांभाळ तुमच्याकडे. देवयानीनं जे दास्य तिच्यावर लादलं, तेच तिनं हक्क म्हणून पुढे केलं! राजाचं बघ. तुझ्या रूपात सुईच्या टोकाएवढंही उणं दिसत नाही, हे तो आधीच बोलून गेलाय. हिला शय्येवर बोलावू नकोस, असं सासऱ्यानं लग्नातच बजावलेलं. मग तो आधार कशाचा घेतो? मागणाऱ्याला द्यायचं हे माझं व्रत आहे, याचा. स्वतःला हवं ते त्यानं दुसऱ्याच्या मागणीत लपवलं. ययातीबद्दल काय बोलावं कळत नाही, म्हणालीस ना? हे बोल.

मग बागेत खेळणारी तीन मुलं. देवयानी त्यांनाच विचारते, बाळांनो, तुमचे वडील कोण? मुलं तर्जनीनं राजाकडे बोट दाखवतात आणि त्याच्याकडे जातात. देवयानी शेजारी उभी असल्यानं राजा त्यांना जवळ घेत नाही. मुलं रडत आईकडे परततात. यावर भाष्य लिहू नकोस, प्रसंग जसाच्या तसा मांड. आणि त्याला लागून देवयानीची बापाकडची तक्रार ठेव: शर्मिष्ठेला यानं तीन मुलगे दिले, मला अभागिनीला दोनच. धर्म बुडाला, असंही ती म्हणते. पण मोजायचं विसरत नाही. या मोजणीपायी तिच्या तरण्या नवऱ्याला बापाच्या शापानं म्हातारपण येतं. तिला हे हवं होतं का, ते तूच ठरव. मागितलं काय, ते मी दाखवलं.

खांडेकरांची १९५९ ची ‘ययाति’ ही कादंबरी आणि शिरवाडकरांचं १९६६ चं ‘ययाति आणि देवयानी’ हे नाटक तिसऱ्या प्रकरणासाठी राखून ठेव. खांडेकरांनी तिघांनाही आपापली कहाणी स्वतःच्या तोंडानं सांगायला लावली, त्यामुळे तिथे मागण्यांपेक्षा समर्थनं जास्त भेटतात. ते वाचायची रीत वेगळी.

ही सगळी मांडणी मी तरुणपणी एका लेखात केली होती. एका मासिकाच्या संपादकांनी तो परत पाठवला. शेवटी ‘न जातु कामः कामानाम्’ हा श्लोक घाला, उपभोगानं वासना शमत नाही असा समारोप करा, मग छापू, असं कळवलं. मी उलट लिहिलं की छापायचा तर आहे तसाच, नाहीतर नको. छापला नाही. त्यांचा माझा जुना स्नेह होता, तोही तिथेच संपला. तो लेख कोणाच्या वाचनात आला नाही, याची खंत अजून जात नाही. आणि तो श्लोक मी आजही घालणार नाही. श्लोक चांगलाच आहे. पण तो मनुस्मृतीतही आहे, तो या माणसांवाचून जगू शकतो. ही माणसं त्या श्लोकात मावत नाहीत, एवढंच माझं म्हणणं होतं. तू म्हणशील, सर, तुमची ती मागणीही मानाचीच. नाही. मला माझं वाचन शाबूत हवं होतं आणि मी तेवढंच मागितलं. त्यात अंतर नव्हतं. स्नेह गेला तो त्यांना हवं होतं एक आणि त्यांनी मागितला श्लोक, म्हणून. माझा लेख आपल्याला पटला नाही, हे सरळ लिहिणं त्यांना जड गेलं. असो. इतक्या वर्षांनी हे तुला का सांगतोय? कारण तुझ्याकडेही उद्या कोणीतरी असा श्लोक मागेल. तुझ्या मार्गदर्शकांना सैद्धान्तिक चौकट हवी आहे, ती बांध, त्याला माझी ना नाही. फक्त पहिल्या पानावरून ती हलव. माणसं आधी येऊ देत.

प्रकरण नव्यानं लिही. सुरुवात विहिरीपासून कर, कच मागाहून येऊ दे. ‘संघर्ष’ हा शब्द एकदाही नको. डोळे दुखेस्तोवर संदर्भग्रंथ चाळत बसू नकोस. मूळ दहा अध्याय आणि पेन्सिल पुरे. तुझ्याकडे नजर आहे, चिठ्ठीत ती दिसली म्हणून तर एवढं लिहितोय; नाहीतर दोन ओळींत मोकळा झालो असतो.

आणि एक काम. यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू हे चौघे बापाचं म्हातारपण घ्यायला नकार देतात, धाकटा पूरू घेतो. त्यानं बदल्यात काही मागितलं का, ते मुळात पाहा. ययाती आपणहून काय देतो, आणि थोरल्याला डावलून धाकट्याला गादी का, असं प्रजा विचारते तेव्हा काय सांगतो, तेही पाहा. मग कर्नाडांचं ‘ययाति’ वाच. विशी ओलांडल्या-ओलांडल्या लिहिलेल्या त्या नाटकात त्यांनी पूरूला बायको दिली, चित्रलेखा, जी मूळ कथेत नाही. नवरा एकाएकी म्हातारा झालेली ती मुलगी सासऱ्यासमोर उभी राहून जे मागते, त्याला ययातीकडे उत्तर नाही. पूरूनं काही मागितलं नाही, त्याची किंमत तिच्यावर आली का? यावर मला तुझं मत हवंय, कुठल्या समीक्षकाचं नको. चार पानांत लिही आणि दिवाळीच्या सुट्टीआधी पाठव.

तुझे,
सर