फोस्टर केअररचे पैसे : भत्ता, फी आणि रिकामे आठवडे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

इंग्लंडमधल्या फोस्टर केअररच्या, म्हणजे आई-वडिलांकडे राहू न शकणारं मूल काउन्सिलच्या वतीने स्वतःच्या घरी सांभाळण्याच्या कामाच्या, दोन्ही जाहिराती नीट वाचल्या. ११ ते १५ वयाच्या एका मुलासाठी काउन्सिल, म्हणजे स्थानिक प्रशासन, आठवड्याला ४२१ पौंड देतंय, खासगी एजन्सी ४८० देतेय. काम एकच असताना एवढा फरक का आणि ४८० वाल्यांकडे जायला काय हरकत आहे, असं तू विचारलंस. हरकत काहीच नाही. पण आठवड्याच्या आकड्यावरून कुणी ठरवू नये, कारण त्या आकड्यात कुणाचे किती पैसे आहेत आणि वर्षातले किती आठवडे तो खरोखर मिळणार आहे, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

आधी आकडा फोड. त्यातला एक भाग मुलाचा भत्ता. जेवण, कपडे, बूट, शाळेला जाणं-येणं, खाऊचे पैसे, मुलाच्या नावची बचत, वाढलेलं वीज-गॅसचं बिल, सगळं त्यातून भागवायचं. तो तुझा पगार नाही. दुसरा भाग फी, म्हणजे तुझ्या वेळेचा, प्रशिक्षणाचा आणि कौशल्याचा मोबदला. भत्त्याला सरकारने तळ घालून दिला आहे. फीला इंग्लंडमध्ये असा कुठलाच तळ नाही. दोन काउन्सिलांमध्ये दिसणारा फरक मुख्यतः इथून येतो.

भत्त्याचा किमान दर इंग्लंडमध्ये २००७ पासून आहे आणि दर एप्रिलमध्ये बदलतो. तो दोन गोष्टींवर ठरतो : मुलाचं वय आणि तू राहतेस तो भाग. भाग तीनच, लंडन, दक्षिण-पूर्व आणि उरलेलं इंग्लंड. २०२४-२५ चे आकडे नमुन्यादाखल घे. उरलेल्या इंग्लंडमध्ये तान्ह्या बाळासाठी आठवड्याला १७० पौंड, ५ ते १० वयासाठी १९४, ११ ते १५ साठी २२१ आणि १६-१७ साठी २५८. लंडनमध्ये त्याच क्रमाने १९८, २२६, २५७ आणि २९९. दक्षिण-पूर्व भाग या दोहोंच्या मध्ये. तिथे ११ ते १५ ला २४६. म्हणजे त्याच वयाचं मूल लंडनमध्ये वाढवताना किमान भत्ता ३६ पौंडांनी जास्त. हे सगळे किमान आकडे आहेत. काही काउन्सिलं यापेक्षा जास्त देतात, काही बरोबर एवढंच. वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे किमान दर वेगळे. स्कॉटलंडमध्ये तर २०२३ पर्यंत देशभराचा दरच नव्हता. त्या वर्षी तो आला आणि वयानुसार १६८.३१ ते २६८.४१ पौंड असा ठरला. ओळखीच्या कुणी ग्लासगोहून आकडा सांगितला तर तो तुझ्या आकड्याशेजारी मांडू नकोस.

फीचा कारभार सुटा आहे. पुष्कळ काउन्सिलांमध्ये तिच्या पायऱ्या असतात : नवा केअरर पहिल्या पायरीवर, ठरलेलं प्रशिक्षण आणि अनुभव झाला की दुसऱ्या, अवघड मुलांसाठी तयार असलेला वरच्या. पहिल्या पायरीला फी नाममात्र किंवा शून्यही असू शकते. फी मुलागणिक आहे की घरागणिक, हे हमखास विचार. घरागणिक असेल तर दुसरं भावंड आल्यावर भत्ता दुप्पट होतो, फी मात्र तेवढीच राहते आणि काम दुपटीहून जास्त वाढतं. अपंगत्व असलेलं मूल, आई आणि बाळ एकत्र ठेवण्याची प्लेसमेंट (केअररच्या घरी राहण्याची व्यवस्था), कोर्टाने रिमांडवर पाठवलेला किशोर, यांचे दर वेगळे आणि बरेच वर असतात. ते बघून नव्या केअररने त्या वाटेला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. त्या पैशांत चोवीस तासांची देखरेख आणि रोजच्या लेखी नोंदी गृहीत धरलेल्या असतात.

आता तुझ्या दोन जाहिराती. काउन्सिलच्या ४२१ मधून २२१ भत्ता वजा केला की २०० फी उरते. एजन्सी एकच गोळा आकडा सांगते, पण मुलावरचा खर्च तिथेही २२१ च धर. म्हणजे २५९ तुझे. अजूनही एजन्सी पुढेच. मात्र बहुतेक काउन्सिलं मूल आधी स्वतःच्या केअररकडे ठेवून बघतात आणि तिथे जमलं नाही की एजन्सीला विचारतात. समज, एजन्सीकडे वर्षातले ४० आठवडेच मूल तुझ्याकडे राहिलं : २५९ गुणिले ४० म्हणजे १०,३६० पौंड. आणि काउन्सिल मूल नसतानाही फी चालू ठेवणारं असेल, तर २०० गुणिले ५२ म्हणजे १०,४००. आठवड्याला ५९ पौंडांची आघाडी गेली. उलटही होऊ शकतं. काउन्सिल रिकाम्या आठवड्यांना काहीच देत नसेल आणि एजन्सीला तुझ्या भागात मागणी भरपूर असेल, तर एजन्सीच बरी पडेल. म्हणून पहिला प्रश्न दराचा विचारू नकोस. तुझ्यासारख्या, म्हणजे एक खोली आणि ११ ते १५ वय घेणाऱ्या केअररकडे गेल्या वर्षी सरासरी किती आठवडे मूल होतं, हे विचार. उत्तर गुळमुळीत आलं तर काय समजायचं ते समज.

रिकामे आठवडे तीन तऱ्हांचे असतात आणि तिघांचे नियम वेगवेगळे. एक मूल गेलं आणि दुसरं अजून आलं नाही : काही ठिकाणी रिटेनर म्हणून फीचा भाग मिळतो, बहुतेक ठिकाणी नाही. दुसरी तऱ्हा रेस्पिटची, म्हणजे तुला विश्रांती म्हणून मूल थोडे दिवस दुसऱ्या केअररकडे जातं. त्या दिवसांचे पैसे दुसऱ्या घरी जातात. वर्षातले काही ठरावीक दिवस तुलाही भरपगारी मिळतात का, ते करारात बघ. तिसरी तऱ्हा सर्वांत वाईट. तुझ्याविरुद्ध आरोप झाला, चौकशी लागली आणि मूल हलवलं. आरोप पुढे निराधार ठरला तरी चौकशीला महिने लागू शकतात. काही फोस्टरिंग सेवा, म्हणजे काउन्सिल किंवा एजन्सी, या काळात ठरावीक मुदतीपर्यंत फी देतात, काही त्याच दिवशी थांबवतात. कायद्याच्या नजरेत फोस्टर केअरर सहसा कुणाचा नोकर नसतो, त्यामुळे किमान वेतन, आजारपणाची रजा, मालकाकडून पेन्शन यातलं काही लागू होत नाही. निदान तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय फक्त फोस्टरिंगवर विसंबू नये.

यानंतर बघायचं ते भत्त्याच्या आत काय आणि बाहेर काय. वाढदिवस, सण आणि सुट्टीची सहल यांसाठी काही काउन्सिलं वर्षातून काही जादा आठवड्यांचा भत्ता जोडून देतात. काही म्हणतात की ते रोजच्या भत्त्यातच धरलंय. बचतीचंही तसंच. कुठे सेवा स्वतःच कापून मुलाच्या खात्यात भरते, कुठे तू भरून पावती दाखवायची असते, आणि मूल जाताना हिशेब मागतात. गाडीचा खर्च कुठे पहिल्या मैलापासून मिळतो, कुठे ठरावीक मैलांनंतर. मुलाची शाळा आणि आई-वडिलांच्या भेटीचं ठिकाण लांब असेल तर यात आठवड्याला मोठी रक्कम अडकते. रात्री-अपरात्री अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या मुलाला सुरुवातीचे कपडे घ्यावे लागतात. त्याचे पैसे सहसा वेगळे मिळतात, पण खरेदीआधी सोशल वर्करची ईमेलवर परवानगी घे. तोंडी ‘हो’ महिन्याभरात विसरलं जातं.

पैशांच्या चुकाही ठरलेल्याच असतात. मूल ११ वर्षांचं झालं तरी भत्ता जुन्याच गटात राहतो, कारण प्रणालीत तारीख कुणी बदलत नाही. मूल बुधवारी गेलं तरी आठवड्याचे पूर्ण पैसे येतात, आणि दोन महिन्यांनी ते एकरकमी कापले जातात. म्हणून एक साधी वही ठेव : मूल आलं ती तारीख आणि वेळ, गेलं ती, रेस्पिटच्या रात्री, मैल, मंजूर झालेला जादा खर्च, जमा झालेली रक्कम. दर महिन्याला बँकेशी ताडून बघ आणि जास्त आलेले पैसे आपणहून कळव.

कराबाबत बातमी चांगली आहे. केअरर स्वयंरोजगारी धरला जातो, पण त्याला क्वालिफाइंग केअर रिलीफ ही करसवलत मिळते. २०२४-२५ साठी घरामागे वर्षाला १९,३६० पौंड आणि वर प्रत्येक मुलामागे आठवड्याला ११ वर्षांखाली ४०५, ११ किंवा वर ४८५. बारा वर्षांचं एक मूल वर्षभर असेल तर १९,३६० अधिक २५,२२०, म्हणजे ४४,५८० पौंडांपर्यंत फोस्टरिंगवर कर शून्य. आठवडा सोमवार ते रविवार मोजतात आणि त्यात एक दिवस मूल असलं तरी पूर्ण आठवडा धरतात. केअरर म्हणून मंजुरी वर्षाच्या मध्यात मिळाली तर घरामागची रक्कम त्या प्रमाणात कमी होते. कर शून्य असला तरी एचएमआरसीकडे, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याकडे, नोंदणी करून विवरणपत्र भरावं लागतं. कर-वर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरच्या आत नोंद कर.

या शून्याला एक दुखरी बाजू आहे. नफा शून्य दिसला की नॅशनल इन्शुरन्सचं, म्हणजे ज्यावर सरकारी पेन्शन ठरते त्या वर्गणीचं, वर्ष आपोआप भरत नाही आणि म्हातारपणीच्या सरकारी पेन्शनमध्ये खड्डा पडतो. त्यावर उपाय म्हणजे केअरर म्हणून मिळणारं क्रेडिट, म्हणजे ते वर्ष भरल्याची नोंद. ते सीएफ४११ए या फॉर्मवर मागायचं. गृहकर्ज घेताना बँक एचएमआरसीचा कागद बघून उत्पन्न शून्य समजते. तेव्हा सेवेकडून वर्षभराच्या रकमांचं पत्र घेऊन ठेव आणि फोस्टरिंगचं उत्पन्न धरणारी बँक शोध. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी सरकारी मदत) घेत असशील तर फोस्टरिंगची रक्कम त्यात उत्पन्न म्हणून मोजत नाहीत. पण त्या मुलाच्या नावावर त्यातला मुलांचा हिस्सा किंवा चाइल्ड बेनिफिट हा सरकारी बालभत्ताही मागता येत नाही.

तुझ्या मैत्रिणीने भाच्याला काउन्सिलच्या सांगण्यावरून घरी ठेवलंय आणि तिला कमी पैसे मिळतात, असं लिहिलंस. तिची फोस्टर केअरर म्हणून मंजुरी झाली असेल, तर केवळ नातेवाईक आहे म्हणून कमी देता येत नाही. टॉवर हॅम्लेट्स काउन्सिलच्या प्रकरणात २०१३ मध्ये न्यायालयाने हे स्पष्ट केलं. घरगुती तडजोड समजून ठेवलं असेल, तर मात्र हा हक्क लागू होत नाही. मूल काउन्सिलच्या देखरेखीखाली आहे की खासगी व्यवस्थेत, हे तिने आजच लेखी विचारावं. पुष्कळ नातेवाईक इथेच फसतात.

मोठी मुलं घेणार असशील तर अठराव्या वाढदिवसाचा हिशेब आत्ताच मांड. इंग्लंडमध्ये २०१४ पासून मुलगा किंवा मुलगी राजी असेल तर २१ व्या वर्षापर्यंत तुझ्याकडेच राहू शकते. पण फोस्टरिंगचा भत्ता १८ ला संपतो आणि नव्या व्यवस्थेला राष्ट्रीय किमान दर नाही. घरभाड्याचा काही भाग त्या तरुणाच्या स्वतःच्या बेनिफिटमधून यायचा असतो, उरलेला काउन्सिल ठरवतं. रक्कम निम्म्याने घसरल्यामुळे ज्यांना ठेवायचं होतं त्यांनाही ठेवता आलं नाही, असं घडतं, आणि त्या वयात घर सुटण्याची किंमत मुलालाच मोजावी लागते. दोन्ही सेवांना त्यांचे १८ नंतरचे दर आत्ता विचार.

हे सगळं तोंडी विचारू नकोस. फोस्टरिंग सेवांच्या राष्ट्रीय किमान मानकांतलं २८ वं मानक पैशांबद्दल आहे. सेवेकडे लेखी धोरण हवं आणि त्यात भत्ता व फी वेगवेगळी दाखवलेली हवी, असं ते सांगतं. एजन्सीकडून ४८० ची फोड मागताना याच मानकाचा उल्लेख कर. दोन्हीकडून धोरण आलं की मला पाठव. मंजुरीआधी होणाऱ्या तुझ्या मूल्यमापनाला साधारण सहा महिने लागतात, त्या काळाचे पैसे कुणी देत नाही, आणि मंजुरीनंतरही पहिलं मूल कधी येईल याची हमी नसते. तोवर हातातली नोकरी सोडू नकोस. पहिल्या प्लेसमेंटनंतरही शक्य असेल तर आधी तास कमी करून बघ.

कळावे.