झोपू दे, सकाळी उतरेल

सरांना विचारा
(रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि अकरा वर्षे मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टर राहिलेल्या सरांचे सदर)

प्रश्न : सर, मी फोंड्याला दुसऱ्या वर्षाला आहे. घर सत्तरीत. आमच्या काजूच्या बागा आहेत, हंगामात बाबा भट्टी लावतात. एप्रिलमध्ये घरून येताना मी पाण्याच्या एका बाटलीत पाऊण लिटर हुर्राक (काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू) भरून आणला, बाबांना न सांगता. शुक्रवारी रात्री खोलीच्या गच्चीवर आम्ही चौघे बसलो. माझा रूममेट कुडाळचा, अंगाने बारीक, पंचावन्न किलो असेल. पैज लागली आणि दहा ते बाराच्या दरम्यान त्याने बहुतेक सगळी बाटली एकट्याने संपवली. लिम्का, मीठ, उभी चिरलेली मिरची. पोटात अन्न नव्हतं. नंतर ओकला आणि आडवा झाला. बाकीचे म्हणाले, "न्हिदूं दी ताका, सकाळीं देंवतलो" (झोपू दे त्याला, सकाळी उतरेल). आम्ही त्याला कॉटवर उताणा टाकला. तीन वाजता मी लघवीला उठलो तर त्याचा घसा घरघरत होता, तोंडात ओकारी होती. मी त्याला कुशीवर केला. सकाळी त्याला अकरानंतरचं काही आठवेना. वर्गातल्या एका मुलीला बाराच्या सुमारास नको ते मेसेज पाठवलेत, हेही नाही. आठला प्रॅक्टिकलसाठी स्कूटर काढली आणि उतारावर पडला. पुढचा दात तुटला, प्रॅक्टिकल गेलं. घरी सांगितलं, बाथरूममध्ये घसरलो. तेव्हापासून दर शनिवारी पितो, माझ्याकडून दीड हजार घेऊन झालेत. बाटली आमच्या भट्टीची, मग दोष माझा का? त्याची आई अंगणवाडीत काम करते, तिला सांगू का? मित्र म्हणतात चहाडी करू नकोस, या वयात सगळेच पितात, आणि गोव्यात तर काय!
— एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, आधी ते तीन वाजताचं बोलू. तुला लघवी लागली म्हणून तुझा मित्र आज दर शनिवारी प्यायला शिल्लक आहे.

मी रेक्टर असताना नाताळच्या सुट्टीआधी एका रात्री दोन मुलांनी तिसऱ्याला खांद्यावर घेऊन जिना चढवला. मी दारातच होतो. वास आला, सगळं कळलं. रागवायचं ते सकाळी, असं ठरवून मी त्याच्या अंगावर चादर घातली, दिवा मालवला आणि गॅलरीतून खाली पडू नये म्हणून बाहेरून कडी घातली. केवढा शहाणपणा वाटला होता मला त्या कडीचा! सकाळी ती काढली तेव्हा पोरगं तापाने फणफणलेलं, ओठ निळसर, छाती कुकरच्या शिट्टीसारखी वाजत होती. ओकारी श्वासनलिकेत गेली होती. न्यूमोनिया झाला, बारा दिवस इस्पितळात. वडील आले, बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "सर, तुम्हाला रात्रीच कळलं होतं ना?" मुलगा वाचला, आता त्याला स्वतःची मुलं आहेत. ती कडी हिरव्या रंगाची होती, रंगाचे पोपडे निघालेले. अजून डोळ्यांपुढे येते.

तेव्हा "झोपू दे, उतरेल" हे वाक्य तुमच्यापुरतं नाही, ते माझंही आहे. त्यातली चूक सांगतो. पिणं थांबलं म्हणजे चढणं थांबत नाही. शेवटचे दोन ग्लास पोटातच असतात, ते पुढे कितीतरी वेळ रक्तात येत राहतात. झोपलेला माणूस झोपेतच आणखी झिंगतो, आणि घशात काही अडकलं की ठसका लागून जाग यावी ही शरीराची सोय नेमकी त्याच वेळी बंद पडलेली असते. म्हणून कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा पुढे दुमडायचा, आणि एकाने जागं राहून शेजारी बसायचं. चिमटा काढूनही हलत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, अंग गार आणि नखं-ओठ निळे असतील, तर १०८ लावायचा. घरमालक काय म्हणेल हा विचार त्यानंतर. कॉफी, लिंबू, थंड पाण्याची बादली यांनी यकृताच्या कामात काडीचा फरक पडत नाही.

आता मास्तरकी. हुर्राक भट्टीगणिक बदलतो, पण साधारण पंधरा टक्के अल्कोहोल धर. पाऊण लिटरात झालं जवळजवळ नव्वद ग्रॅम. व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरच्या एका पेगमध्ये असतं दहा ग्रॅम. म्हणजे त्या पोराने उपाशीपोटी दोन तासांत नऊ पेग घेतले, आणि लिम्काच्या गोडीत त्याला पत्ता लागला नाही. "हुर्राक म्हणजे काय, सरबतच की" असं म्हणणारे मला दर उन्हाळ्यात भेटतात. स्ट्राँग बिअरचंही तेच. आठ टक्क्यांच्या साडेसहाशे मिलिलिटरच्या एका बाटलीत चार पेग असतात, पण "मी फक्त बिअर घेतो" हे वाक्य लोक उपवास सांगावा तसं सांगतात.

शरीर यातलं तासाला सात ते दहा ग्रॅम बाहेर काढतं, घाई करता येत नाही. पंचावन्न किलोच्या मुलाचा हिशेब मी कागदावर करून पाहिला. थोडं ओकून गेलं असेल, सूत्रही ढोबळच आहे, तरी सकाळी आठला त्याच्या रक्तात दर शंभर मिलिलिटरमागे साठच्या वरच मिलिग्रॅम अल्कोहोल असणार. कायद्याची मर्यादा तीस. म्हणजे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, जर्नल डिकीत टाकून तो निघाला तेव्हाही दारू पिऊनच गाडी चालवत होता. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांचा दंड, किंवा दोन्ही. तुम्ही त्या दाताचा दोष उतारावरच्या खडीला दिला असणार.

त्या मेसेजचं म्हणशील, तर "विसरलो" हा शब्द इथे चुकीचा आहे. रक्तातली पातळी झपाट्याने वाढली की मेंदूतला आठवणी नोंदवणारा भाग, हिप्पोकॅम्पस, काम थांबवतो. माणूस चालतो, हसतो, पैजा मारतो, फोनवर टाइप करतो, फक्त वहीत काही उतरत नाही. जे लिहिलंच गेलं नाही ते पुढे आठवायचा प्रश्नच नाही. पण त्या मुलीच्या फोनवर ते लिहिलेलं आहे आणि तिला ते पक्कं आठवतं. त्याने माफी मागायची आहे, "शुद्धीत नव्हतो" हे वाक्य न जोडता. तिला तक्रार करायची असेल तर तुम्ही तिघांनी तिला समजवायला जायचं नाही.

आता भट्टी. तुझ्या बाबांचा दोष नाही. बोंडं वेचण्यापासून रस आंबवण्यापर्यंत आणि भाणाखाली, म्हणजे दारू गाळायच्या भांड्याखाली, रात्रभर लाकडं सारण्यापर्यंत तो कष्टाचा धंदा आहे, काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नव्हे. माझी आजी फेणीने पाय चोळायची आणि उरलेली झाकण लावून फडताळात ठेवायची. पण म्हणून भट्टीच्या गावात सगळं आलबेल असतं, असं मी तुला सांगणार नाही. तुझ्या वाड्यावरचे दारूपायी चाळिशीत वारलेले दोघे-तिघे तुला नावानिशी माहीत असतील. "गोव्यात तर काय" म्हणणाऱ्यांना ते माहीत नसतात, त्यांनी किनारा पाहिलेला असतो. तुझा दोष बाटली चोरून आणण्यापुरता आहे. तो बाबांना सांग, ओरडा खा.

मला खरी काळजी शनिवारची आहे. एक रात्र हा अपघात. पण दात गेला, प्रॅक्टिकल गेलं, आणि तरी पुढच्या शनिवारी उसने पैसे घेऊन बाटली, हे वेगळं आहे. पैसे देणं बंद कर. "उधार देत नाही" एवढंच म्हण, व्याख्यान नको. त्याच्याशी बोलायचं ते रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, दोघेच असताना. प्यायलेल्या माणसाशी दारूवर बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तो व्यसनी आहे की नाही हे तू ठरवू नकोस. तीन वाजता तू काय पाहिलंस ते सांग, तोंडातल्या ओकारीसकट. माझा अंदाज, हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. तुम्ही त्याला गच्चीवरचे विनोद तेवढे सांगितले असतील.

एवढ्याने भागलं नाही तर बांबोळीला मनोविकार संस्था आहे, तिथे व्यसनमुक्तीचे उपचार होतात. तिथे जायची लाज वाटली तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करायला नाव-गाव लागत नाही. नुसत्या बोलण्याने काय होतंय, असं तो म्हणेल. आपल्याच गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगाथ संस्थेने हे तपासलं होतं. प्रमाणाबाहेर पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी काहींना नेहमीचे उपचार मिळाले, काहींना त्यासोबत फार तर चार भेटींचं समुपदेशन. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीखाली आलेले पहिल्या गटात शेकडा २६ होते, दुसऱ्यात ३६. जादू नाही, पण दहा माणसं म्हणजे दहा घरं. एक मात्र लक्षात ठेव. न प्यायल्यास सकाळी हात कापत असतील, घाम फुटत असेल, तर खोलीत कोंडून एकदम बंद करायला लावू नका. त्यात फिट येऊ शकते, डॉक्टरच हवा.

राहिली त्याची आई. तो एकोणीस-वीस वर्षांचा आहे, म्हणून पहिली संधी त्याची. "पंधरा दिवसांत तू सांग, नाहीतर मी सांगेन" असं त्याच्या तोंडावर म्हण. त्याआधी पुन्हा तशी रात्र आली किंवा पिऊन त्याने गाडीची चावी उचलली, तर पंधरा दिवस मोजू नकोस. सांगताना "तुमचा मुलगा बिघडला" असं म्हणू नकोस. तारीख सांग, बाटली तू आणलीस ते सांग, दात कसा तुटला ते सांग. ती रडेल, कदाचित तुलाच बोल लावेल. ऐकून घे. चहाडी लपूनछपून करतात, तू तर त्याला सांगून करतो आहेस.

ता. क. दीड हजार परत मागू नकोस, ते गेले. आणि येत्या हंगामात बाबा तरंगत्या दांड्याने हुर्राकाचे ग्राव, म्हणजे त्याचा कडकपणा, मोजतील तेव्हा शेजारी उभा राहा. तो दांडा किती बुडतो आणि का, हे तुला येत नसेल तर मला लिही. तो धडा मी अजून फुकट शिकवतो.