टीबीच्या गोळ्यांमुळे भावाला कावीळ झाली, लिव्हर पुन्हा पूर्ण बरं होतं का?

तुम्ही लिहिलंय की भावाला टीबीच्या गोळ्या सुरू होऊन महिना झाला होता, मग उलट्या, डोळे पिवळे, एसजीपीटी 480 आणि बिलिरुबीन (डोळे पिवळे करणारं रक्तातलं द्रव्य) 4.2 आलं, डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या थांबवल्या, आता घरी आईने तेल-हळद बंद करून उसाचा रस सुरू केलाय, आणि तुम्हाला विचारायचंय की लिव्हर पूर्ण बरं होतं का, किती वेळ लागतो, कुठलं टॉनिक द्यावं आणि तोवर टीबीचं काय. मी डॉक्टर नाही. फोंड्याला राहते, कुंडईला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. पण छातीत पाणी झालं म्हणून मला टीबीचा कोर्स लागला आणि त्याच गोळ्यांनी माझं लिव्हर बिघडलं, एसजीपीटी सहाशेच्या वर गेलं होतं, त्यामुळे तुमच्या घरात आत्ता काय चाललं असेल ते मला चांगलं माहीत आहे. आज माझे लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि टीबीचा कोर्सही पुरा झालाय.

तर हो, बहुतेक लोकांचं पूर्ण बरं होतं. औषध वेळेत थांबलं की लिव्हर स्वतःला भरून काढतं, लिव्हर दान करणाऱ्याचा अर्ध्याहून जास्त भाग काढला तरी उरलेला भाग काही आठवड्यांत वाढतो, एवढी त्याची ताकद आहे.

पण एक गोष्ट आजच बघा. तुमच्या प्रश्नात पीटी-आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या टेस्टचा, आकडाच नाही. एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींमधलं एन्झाइम, पेशी दुखावल्या की ते रक्तात येतं, म्हणजे नुकसान किती होतंय ते कळतं, पण लिव्हर काम करतंय की नाही ते त्याच्यावरून कळत नाही. ते आयएनआरवरून कळतं, कारण रक्त गोठवणारी प्रथिनं लिव्हर बनवतं आणि ते थकलं की आयएनआर लगेच वाढायला लागतो. मला हे माझ्या डॉक्टरांनी कागदावर लिहून समजावलं होतं, एसजीपीटी उतरतंय आणि बिलिरुबीन, आयएनआर पण उतरतायत तर छान, पण एसजीपीटी उतरतंय आणि बाकीचे दोन वाढतायत तर ती सुधारणा नाही, फुटायला पेशीच कमी उरल्यात असा त्याचा अर्थ असू शकतो. औषधाने एसजीपीटी नॉर्मलच्या तिप्पट आणि त्याच्यासोबत बिलिरुबीन दुपटीच्या वर गेलं, तर डॉक्टर लोक ते गंभीर धरतात, हायमन झिमरमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी हे पहिल्यांदा दाखवून दिलं, अशा दहातल्या एका पेशंटच्या जिवावर बेततं. तुमच्या भावाचे आकडे त्यात बसतात. घाबरवायला सांगत नाहीये, पण गोळ्या बंद केल्या, आता घरी आराम कर, पंधरा दिवसांनी ये, एवढ्यावर थांबू नका, सुरुवातीला आठवड्यातून निदान एक-दोनदा रक्त तपासून घ्या असं डॉक्टरांना स्वतःहून म्हणा. आणि तो दिवसा झोपून राहायला लागला, रात्री जागा, बोलताना गोंधळतोय, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, पोट फुगणं, पाणीसुद्धा पोटात न टिकणं, यातलं काहीही दिसलं तर ओपीडीची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीत न्या, रात्र असली तरी. 108 ला फोन करा.

आणखी एक, व्हायरल कावीळ तपासली का? माझ्या वेळी हिपॅटायटीस ए, बी, सी, ई सगळ्या टेस्ट केल्या आणि सोनोग्राफी पण केली. आपल्याकडे पावसाळ्यात पाण्यातून ए आणि ई ची कावीळ पसरते, आणि टीबीच्या गोळ्या चालू असताना नेमकी ती झाली तर दोष उगाच गोळ्यांवर जातो. गोळ्यांमुळे झालं हे बाकी कारणं बाजूला करूनच ठरतं, त्यासाठी वेगळी एक अशी रक्ताची टेस्ट नाहीये.

टीबीच्या सुरुवातीच्या चार औषधांतली तीन लिव्हरला त्रास देऊ शकतात, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड. चौथं इथॅम्ब्युटॉल, त्याचा धोका डोळ्यांना असतो, लिव्हरला नाही. सगळ्यांना होत नाही हे, पण आयसोनियाझिड पचवण्याचं काम काहींच्या शरीरात जन्मतःच हळू चालतं, आपल्याकडे असे लोक भरपूर आहेत, शिवाय वय, आधीपासूनची दारू, हिपॅटायटीस बी किंवा सी, अंगात ताकद नसणं, यानेही धोका वाढतो. भावाने काही चुकीचं केलं म्हणून झालं असं घरात कोणी म्हणत असेल तर म्हणू देऊ नका.

लघवीबद्दल मुद्दाम सांगते कारण पुढे गोळ्या परत सुरू झाल्या की तुम्हाला हे लागेल. रिफाम्पिसिनने लघवी केशरी-लाल होतेच, ते मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं आणि ते साधं आहे. पण तो केशरी रंग गोळी घेतल्यानंतरच्या काही तासांत जास्त असतो, संध्याकाळपर्यंत फिका पडतो. कावीळ झाली तेव्हा माझी लघवी संध्याकाळी, रात्री, केव्हाही कडक कोऱ्या चहासारखी गडद यायची. आणि डोळे उजेडात बघायचे, ट्यूबलाइटखाली पिवळेपणा कळतच नाही, माझ्या नवऱ्याला तो सकाळी अंगणात कळला, मी तुळशीला पाणी घालत होते आणि त्याने मला खालची पापणी ओढून वर बघायला लावलं. त्याच्या आधी आठवडाभर मला मासे तळल्याचा वास सहन होत नव्हता, ज्या घरात रोज नुस्तं लागतं तिथे हे म्हणजे मोठीच गोष्ट. तेव्हा पुढे भूक अचानक गेली, मळमळ सुरू झाली, उजव्या बरगडीखाली जड वाटलं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन, डोळे पिवळे व्हायची वाट बघायची नाही.

आता वेळ किती लागतो. एसजीपीटी भराभर उतरतं, माझं दोन-तीन आठवड्यांत बरंच खाली आलं होतं, पण डोळे मात्र पिवळेच आणि मी रोज आरशात बघून रडकुंडीला यायचे. मग कळलं की वाढलेल्या बिलिरुबीनचा काही भाग रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून बसतो आणि अल्ब्युमिनचं आयुष्यच काही आठवड्यांचं असतं, त्यामुळे आतून लिव्हर सुधारत असलं तरी रंग मागे रेंगाळतो. आणि थकवा तर रिपोर्ट नॉर्मल आल्यावरही राहतो. मला जिना चढून आलं की बसावं लागायचं, ऑफिसात रुजू झाल्यावरही सुरुवातीला अर्धा दिवसच जमायचं. भावाला दोन महिन्यांनी सुद्धा दमायला झालं तर तो नाटक करत नाहीये. अंगाला खाज सुटत असेल तर सोसत बसू नका, त्याच्यावर औषध असतं, डॉक्टरांना सांगितलं की देतात. मला रात्री जास्त यायची, गार पाण्याचा ओला पंचा आणि सुती कपडे याने जरा बरं वाटायचं.

टॉनिक. या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. माझी मामी सत्तरीतली, कावीळ म्हटल्यावर ती पहिल्या बसने आली, पिशवीत काचेच्या बाटलीत हिरवट काढा, तोंडाला फडकं बांधलेलं, कुठल्या तरी मुळीचा. "अगो, तीन सकाळ अनशापोटी घे, चौथ्या दिवशी डोळे पांढरे होतात की नाही बघ, आमच्या वाड्यावर किती जणांची उतरली." प्रेमाने आणलेलं, तिच्या हातातून परत करणं कठीणच होतं. मी तिला एवढंच म्हटलं, "मामी, आत्ता आणखी काही पोटात गेलं आणि आकडे वाढले, तर कशाने वाढले ते डॉक्टरांना कळणारच नाही." ते तिला पटलं. बाटली तशीच ठेवली आणि ती दोन दिवस राहून मला उकड्या तांदळाची पेज करून घालत राहिली, सोबत सुक्या सुंगटांची किसमूर, आणि खरं सांगते मला त्या पेजेनेच उभं केलं.

वाड्यावर ज्यांची कावीळ "उतरते" त्यातली बरीचशी व्हायरल असते, ती काढा न घेताही उतरते. तुमच्या भावाचं बहुधा तसं नाही, त्याच्या लिव्हरला औषधानेच मार बसला असावा, आणि मुळी, भस्म, गुळवेल, अश्वगंधा, जिमची पावडर, वजन कमी करायच्या गोळ्या, हे सगळं शेवटी लिव्हरलाच पचवावं लागतं. कोविडच्या काळात लोकांनी प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेल घेतली, त्यातल्या काहींचं लिव्हर बिघडल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलं. हळद जेवणातली चालते, आमटीत घाला, पण बाजारात मिळणाऱ्या काळी मिरी घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल नको, त्यानेही लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आहेत. लिव्हर टॉनिक म्हणून ज्या बाटल्या फार्मसीत सहज मिळतात, त्यांनी औषधाने बिघडलेलं लिव्हर लवकर बरं होतं असं सिद्ध झालेलं नाही. डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलं तर घ्या, पण स्वतःच्या मनाने काही नको. लिव्हरला आत्ता काही द्यायच्या ऐवजी त्याच्यावरचं ओझं उतरवायचंय. सर्दी-तापाच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल लपलेलं असतं, एक गोळी सर्दीची, एक अंगदुखीची, असं करत डोस दुप्पट होतो, म्हणून तीही विचारूनच. आणि दारू अजिबात नको, म्हणजे आमच्याकडे सर्दी झाली की घोटभर फेणी देतात ना, तीसुद्धा नाही.

जेवणाचं आईला नीट समजावा. तेल-तूप पूर्ण बंद, डाळ नको, अंडं नको, मासे नको, नुसता रस आणि फळं, याने माणूस आणखी खंगतो, आणि टीबीच्या पेशंटला ते परवडणारं नाही. लिव्हर भरून यायला प्रोटीन लागतं. मळमळ असेपर्यंत तेलकट नको वाटतं ते ठीक, पण जसं सोसेल तसं अंडं, मूगडाळ, उकडलेले किंवा पातळ हुमणातले मासे, दही सुरू करा. एकदम ताट भरून न वाढता थोडं थोडं, सकाळी भूक बरी असते तेव्हा जास्त, आणि रात्री झोपायच्या आधी काहीतरी पोटात असू द्या. रस्त्यावरचा उसाचा रस तर मुळीच नको, त्यातल्या बर्फाने आणि पाण्याने हिपॅटायटीस ए किंवा ई झाली तर काय करणार? शहाळं द्या.

आता टीबीचं. गोळ्या थांबल्या म्हणजे टीबी थांबला नाही, आणि माणसं इथेच उपचार सोडून देतात, डोळे पांढरे झाले, बरं वाटलं, आता परत त्या विषाच्या वाटेला कोण जाईल. असं होऊ देऊ नका. भीती मलाही होती, पहिली गोळी परत हातात घेतली तेव्हा घसा कोरडा पडला होता. पण ते सगळं एकदम सुरू करत नाहीत. एसजीपीटी नॉर्मलच्या दुपटीच्या खाली आलं की एकेक औषध परत आणतात, माझं आधी रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल, काही दिवसांनी रक्त, मग आयसोनियाझिड, परत रक्त. पायराझिनामाइड मला परत दिलंच नाही, त्यामुळे सहा महिन्यांचा कोर्स नऊ महिन्यांचा झाला, पण झाला. माझा टीबी फुफ्फुसाच्या आवरणातला होता, थुंकीत जंतू नव्हते, म्हणून थांबायला वेळ मिळाला. भावाच्या थुंकीत जंतू असतील किंवा तब्येत फारच खालावली असेल तर लिव्हर सावरेपर्यंत लिव्हरला कमी त्रास देणारी औषधं देतात, इथॅम्ब्युटॉल, लिव्होफ्लॉक्सासिन वगैरे, ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही फक्त "मधल्या काळात टीबीसाठी काय" हे विचारायचं सोडू नका. शक्यतो हे सगळं जिथे छातीचे आणि पोटाचे दोन्ही डॉक्टर एकाच ठिकाणी आहेत तिथे करा. गोव्यात असाल तर बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे. खर्चाचं म्हणाल तर टीबीची औषधं सरकारी केंद्रात फुकट आहेत आणि निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर 2024 पासून रक्कम वाढलीय, आधी 500 होते. नोंदणी झाली नसेल तर करून घ्या, त्या पैशांची अंडी आणा.

आणि शेवटचं काम. कुठलं औषध परत दिल्यावर त्रास झाला किंवा कुठलं परत द्यायचं नाही ठरलं, ते त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांकडून नावासकट लिहून घ्या, फोनमध्ये फोटो ठेवा, आणि पुढे दाताच्या डॉक्टरकडे गेला तरी तो दाखवायला सांगा. डॉक्टरांनी साइड इफेक्टची नोंद केलीय का तेही विचारा, नसेल केली तर 1800-180-3024 या टोल फ्री नंबरवर पेशंट किंवा घरचे स्वतः कळवू शकतात.

आयएनआर आला की इथे कमेंटमध्ये लिहा.