घरी दोन दुभत्या शेळ्या ठेवायच्या तर आधी काय काय आणून ठेवावं?

धायरीत घरामागे रिकामी जागा आहे, घरच्या दुधापुरत्या दोन शेळ्या पाळायच्यात, सामान काय लागेल, असं तुम्ही विचारलंय. मी वाघोलीच्या पुढे काही वर्षं शेळ्या सांभाळतोय, त्या अनुभवावरून सांगतो. आणि हो, दोनच घ्या, एक नको. एकटी शेळी दिवसभर ओरडते, शेजारी तुम्हाला नावं ठेवतील. शहरात आहात, तेव्हा आधी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात परवानगीचंही विचारून घ्या.

दूध काढायचं यंत्र सध्या विसरा. पैसा घाला तो कोरड्या जमिनीत. शेळीला थंडी चालते, ओल चालत नाही. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टात खालून ओल आली की खूर सडतात, कास दुखावते. दर शेळीला छपराखाली 10 ते 12 चौरस फूट आणि बाहेर फिरायला त्याच्या दुप्पट जागा धरा. मी लाकडी पट्ट्यांचा माचा केलाय, जमिनीपासून दोन फूट वर. फट एवढीच, की लेंडी खाली पडेल पण करडाचा खूर अडकणार नाही.

दुसरी गोष्ट गव्हाण. खाली पडलेला, तुडवलेला चारा शेळी हुंगते आणि तोंड फिरवते. शेवरीची पेंढी तिच्या डोक्याच्या उंचीला सुतळीनं टांगून बघा, मागचे पाय ताणून कशी ओरबाडते ते. एका शेळीला रोज चार-पाच किलो हिरवा चारा, किलोभर तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट आणि दुभती असेल तर पाव किलो खुराक, म्हणजे धान्याचा भरडा किंवा पेंड, लागतो. कुंपणाला शेवरी, हादगा लावून टाका. सुबाभूळ चालतो, पण नुसत्या त्याच्यावर ठेवू नका. क्षारांची चाटण वीट टांगलेली असू द्या.

खुराकाला झाकणाचा पत्र्याचा डबा हवाच, आणि त्याला कडी. पहिल्या वर्षी माझी एक शेळी रात्री मक्याच्या भरड्यात शिरली. सकाळी पोट टम्म, दात खातेय. डॉक्टर वेळेवर आले म्हणून वाचली. शेजारच्यांनाही सांगून ठेवा, मायेपोटी टोपलीभर शिळ्या चपात्या घालू नका म्हणून.

धारेसाठी रुंद तोंडाचं स्टीलचं पातेलं, गाळायला मलमल, कास पुसायला दोन स्वच्छ फडकी. प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या कपड्यावर घ्या. गुठळी दिसली तर कासदाह, म्हणजे कासेचा सुजेचा आजार, समजायचा, ते दूध घरात न्यायचं नाही. धार झाली की सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा. बसायला ठेंगणं स्टूल, आणि शेळीला उभं करायला गुडघाभर उंचीचा चौथरा. नाहीतर कंबर तुमची जाते आणि लाथ पातेल्याला बसते. दूध उकळूनच प्या. बोकड पाळू नका. त्याचा वास दुधाला लागतो, आणि गल्लीलाही.

थर्मामीटर ठेवा, त्याला दोरी बांधा, कारण तो मागून घालायचा असतो. शेळीचं ताप नसतानाचं तापमानही 102-103 फॅरनहाइट असतं, माणसाच्या हिशेबानं घाबरू नका. खूर कातरायची कात्री, करडाच्या नाळेला टिंक्चर आयोडीन, एवढं पुरतं. जंताचं औषध आणि पीपीआर (शेळ्यांचा प्लेग), आंत्रविषार (आतड्यात विष होणारा आजार) यांच्या लसी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, आंत्रविषाराची पावसाळ्याआधी.

शेळ्या चाकणच्या शनिवारच्या बाजारात मिळतील, पण दुभती शेळी घेताना विक्रेत्यासमोर स्वतः धार काढून बघा. बाजाराच्या दिवशी कास फुगलेली दिसावी म्हणून आदल्या रात्रीची धार काढलेलीच नसते.