फर्स्ट कॉपी जमवणाऱ्या तरुण मित्रास

चि. मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, फोटोही नीट पाहिले. काळ्या डायलची 'सबमरिनर', निळी 'डेटजस्ट' (दोन्ही रोलेक्सच्या मॉडेलांच्या नकला) आणि झाकण उघडून ठेवलेलं ते तिसरं घड्याळ. या फर्स्ट कॉपी जमवण्याचा छंद वाढवावा का, त्यांत फेरफार करावेत का आणि खरं-खोटं ओळखायला कसं शिकावं, असं तू विचारलं आहेस. मला सगळ्यात आवडलं ते तिसरं घड्याळ. झाकण उघडावंसं वाटलं म्हणजे तुझं कुतूहल नावावर थांबलेलं नाही, आत काय चाललंय ते तुला बघायचंय. या पत्रात मी त्याच कुतूहलाशी बोलणार आहे.

आधी कायद्याचं सांगतो. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार दुसऱ्याचं नाव खोटेपणाने मालावर लावणं आणि असा माल विकणं किंवा विकण्यासाठी बाळगणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आणि दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत. 'मित्रालाच दिलं, कॉपी आहे असं सांगून दिलं' म्हटल्याने सुटका होत नाही. तेव्हा तुझ्याजवळची ती तिन्ही घड्याळं कुणालाही विकायची नाहीत. ऑनलाइनही नाहीत आणि कॉलेजातल्या मित्रालाही नाहीत.

आता छंदाचं. कॉपी जमवून तू फार पुढे जाणार नाहीस असं मला वाटतं, आणि त्याचं कारण घड्याळाच्या आतच आहे. कॉपी बनवणाऱ्याचा सगळा जीव बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींत असतो. काच, बेझल म्हणजे काचेभोवतीचं कडं, पट्ट्याची कडी, डायलवरची अक्षरं. आतलं मशीन पुढच्या खेपेला कुठलं येईल याचा भरवसा नाही. बिघडलं की सुटा भाग मिळत नाही, घड्याळजी म्हणतो 'पूर्ण मशीन बदला', आणि तिथे शिकणं संपतं. दुसरं असं की घड्याळ पारखणं म्हणजे हातातली वस्तू तिच्या नोंदींशी ताडून बघणं. कुठल्या साली बनलं, आत कुठलं मशीन होतं, काटे कसे होते, झाकणावर काय कोरलं होतं. कॉपीला अशा नोंदीच नाहीत. मग ताडणार कशाशी?

आणि बाहेरची खूण एकदा सगळ्यांना कळली की ती खूण म्हणून उरत नाही. 'खऱ्या रोलेक्सचा सेकंदकाटा टिकटिक करत नाही, सरकतो' हे अजून लोक ठामपणे सांगतात. मुळात तो सरकतही नाही. मशीन तासाला २८,८०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला आठ, आणि इतक्या बारीक उड्या डोळ्याला सलग वाटतात. पूर्वीच्या कॉपीत २१,६०० ठोक्यांचं मशीन असायचं, सेकंदाला सहा, म्हणून फरक दिसायचा. आता २८,८०० च्या कॉपी आल्या आणि ती परीक्षा निकामी झाली. उलट रोलेक्सनेच १९७७ साली 'ऑयस्टरक्वार्ट्झ' हे बॅटरीवरचं घड्याळ काढलं, त्याचा काटा सेकंदाला एकच उडी घेतो आणि ते घड्याळ अस्सल आहे. काचेत सहाच्या आकड्यापाशी कोरलेला बारीकसा मुकुट, तारखेवरचं अडीच पट मोठं दाखवणारं भिंग, सगळ्यांची तीच गत. या खुणा पाठ कर, पण त्यांच्या जोरावर निकाल देऊ नकोस.

शिकायचंच असेल तर आपल्या घरातल्या घड्याळांपासून सुरुवात कर. एच.एम.टी. घे. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला हा कारखाना सुरू झाला आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने तो व्यवसाय बंद करायला मंजुरी दिली. मधल्या काळात जनता, पायलट, सोना, कोहिनूर, जवान, कांचन अशी घड्याळं घराघरांत पोहोचली. तुझ्या आजोबांच्या किंवा त्यांच्या भावाच्या कपाटात एखादं असेलच. यांतल्या बहुतेकांत सतरा ज्वेलचं (झीज रोखणाऱ्या बारीक खड्यांचं), चावीचं, तासाला १८,००० ठोक्यांचं साधं मशीन. कानाला लावलंस तर सेकंदाला पाच ठोके ऐकू येतील. नवशिक्याच्या हाताखाली यायला याहून चांगलं मशीन मला माहीत नाही.

आणि खरं-खोटं ओळखण्याची शाळाही याच घड्याळांत आहे, कारण बाजारात रंगवलेल्या डायलींचा सुळसुळाट आहे. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना सरसकट 'मुंबई स्पेशल' म्हणतात. एच.एम.टी., फेवर-ल्यूबा, सिटिझन, सायको, काहीही घ्या. जुनं मशीन, घासून चकचकीत केलेली केस म्हणजे बाहेरची डबी आणि नव्याने छापलेली डायल. यात एक गोष्ट समजून घे. आपल्याकडच्या दमट हवेत डायलवर डाग पडत, आणि सर्व्हिसिंगबरोबर डायल रंगवून घेणं ही अगदी रीतसर दुरुस्ती होती. मालक सांगायचा, कारागीर रंगवून द्यायचा, त्यात फसवणूक कसलीच नव्हती. फसवणूक सुरू होते ती तीच डायल 'कारखान्यातून आली तशी आहे' असं म्हणून विकली जाते तेव्हा.

ती ओळखायची कशी ते सांगतो. दहापटीचं भिंग डोळ्याला लाव आणि डायलवर तिरपा उजेड पाड. आधी मिनिटांच्या रेघा बघ. मूळ डायलवर तासाची खूण आणि तिच्याजवळची रेघ एका ओळीत असतात. रंगवलेल्या डायलवर एखाद्या बाजूला, बहुधा सात-आठच्या आसपास, त्या किंचित सरकतात. मग अक्षरं बघ. कारखान्याच्या छपाईत अक्षराची कड तुटक नसते आणि आतली पोकळी मोकळी असते. हाताने केलेल्या छपाईत शाई पसरून ती पोकळी भरते, पावसात भिजलेल्या पत्रावरच्या अक्षरांसारखी. मग मधलं छिद्र बघ, जिथून काटे वर येतात. तिथे रंगाची गोल कड साचलेली असेल तर हात थांबव. तारखेच्या खिडकीच्या कडाही अशाच तपास. रंगाचाही विचार कर. पायलटची ओळख काळ्या डायलची. समोर पोपटी किंवा भगवी आली की जुन्या कॅटलॉगशी ताडल्याशिवाय पुढे जाऊ नये. देवनागरी आकड्यांची जनता खरोखर निघाली होती, पण मागणी आहे म्हणून तशा नव्या डायलीही छापल्या जातात. आणि शेवटी डायल काढून तिची मागची बाजू बघ. तिला दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या छिद्रांत बसतात. ते कापून डायल चिकटपट्टीने लावलेली असेल तर ती बहुधा त्या मशीनची नव्हे.

झाकणाच्या आतली बाजूही वाचायला शीक. जुने घड्याळजी सर्व्हिसिंग केलं की तिथे सुईने तारीख किंवा आपली खूण कोरत. झाकण दहा वेळा उघडलेलं दिसतंय आणि विकणारा म्हणतोय 'कधीच उघडलेलं नाही', तर विश्वास झाकणावर ठेव.

डायलीचं एवढं प्रकरण का, असं वाटेल. २०१७ मध्ये न्यूयॉर्कला पॉल न्यूमन या नटाचं स्वतःचं रोलेक्स डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं. तशा नमुन्याच्या डेटोनाची इतर डेटोनांपेक्षा किंमत वाढते ती मुख्यतः डायलमुळे, मशीन जवळपास तेच असतं. एवढ्या पैशाचा फरक जिथे पातळ पत्र्याच्या एका चकतीवर आहे, तिथे चकती बदलणारे हात येणारच.

आणि मोठमोठे तज्ज्ञही चुकतात हे लक्षात असू दे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात १९५७ चं ओमेगा स्पीडमास्टर ३० लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं की ते वेगवेगळ्या घड्याळांच्या भागांतून जुळवलेलं होतं आणि त्यात कंपनीच्या माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. घेणारं होतं ओमेगाचंच संग्रहालय. भाग बहुतेक अस्सल, पण ते एका घड्याळाचे नव्हेत. म्हणून कुणी फोटो पाठवून 'ओरिजिनल आहे का' विचारलं तर तू एवढंच म्हणायचं : डायल अमुक कारणाने संशयास्पद वाटते, मशीन पाहिलेलं नाही. फोटोवरून 'खोटं' म्हणता येतं, 'खरं' म्हणता येत नाही. हे वाक्य बोलायला लाज वाटू देऊ नकोस. समोरच्याचे पैसे त्यावर अवलंबून असतात.

फेरफारांबद्दल. ते कर, मनापासून कर. जगभर सायकोची घड्याळं बदलून घेणारी मंडळी आहेत, आणि २०१९ मध्ये बंद झालेलं एसकेएक्स ००७ हे त्यांचं लाडकं. त्यातल्या जुन्या मशीनला हाताने चावी देता येत नाही आणि चावी ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही. सायकोच्याच एनएच ३५ मशीनमध्ये दोन्ही सोयी आहेत, भाग मुबलक मिळतात, शिकायला तेच घे. एसकेएक्स ००७ ची चावी चारच्या आकड्याजवळ असते, म्हणून डायल घेताना मागचे पाय कुठल्या जागी आहेत ते विचारून घे, नाहीतर तारखेची खिडकी वाकडी बसेल. काटे बसवताना चावी फिरवत राहा, तारीख बदलली की थांब, आणि तासकाटा व मिनिटकाटा दोन्ही बारावर ठेवून दाब. मग बारा तास फिरवून बघ की ते एकमेकांना कुठे घासत नाहीत. सेकंदकाट्याच्या नळीचं छिद्र ०.२० मिलिमीटरचं असतं. तिरपं दाबलंस तर नळी वाकते आणि काटा गेला. तीनचार काटे वाया जातील असं धरूनच मागव. झाकण लावताना रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लाव, आणि दाबाची चाचणी झाल्याशिवाय ते घड्याळ पाण्यात नेऊ नकोस, डायलवर '२०० मीटर' लिहिलेलं असलं तरी. घड्याळ दिवसाला वीस-तीस सेकंद पुढे गेलं तर घाबरू नकोस. एनएच ३५ ला कंपनीच दिवसाला वजा २० ते अधिक ४० सेकंदांची मुभा देते.

फक्त एक अट. सायकोच्या मशीनवर रोलेक्स किंवा ट्यूडर लिहिलेली डायल चढवायची नाही. कोरी डायल मिळते, ती लाव. आणि बदललेलं घड्याळ कुणाला दिलंस तर काय मूळ, काय बदललं ते कागदावर लिहून सोबत दे. तुझ्या हातचं काम त्या कागदाने कमी होत नाही. तो कागद नसेल तर तिसऱ्या-चौथ्या मालकाला ते 'दुर्मीळ मॉडेल' म्हणून विकलं जाईल, आणि सुरुवात तुझ्या टेबलावर झालेली असेल.

एक गोष्ट मात्र ठामपणे बजावतो. १९६० च्या दशकापर्यंतच्या घड्याळांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियम या किरणोत्सारी पदार्थाचा लेप असू शकतो. आता ते अंधारात चमकत नसेल, तरी त्यावर विसंबू नकोस. मंदावतो तो चमकणारा पदार्थ. रेडियम निम्मं व्हायला साधारण १६०० वर्षं लागतात. तो लेप खरवडायचा नाही, त्याची भुकटी श्वासात जाऊ द्यायची नाही, जेवायच्या टेबलावर असं घड्याळ उघडायचं नाही. जुनं स्विस घड्याळ हाती आलं आणि पिवळट तपकिरी लेप सुटताना दिसला तर झाकण बंद करून बाजूला ठेव आणि मला विचार.

तुझ्या तीनपैकी जे घड्याळ उघडलंस ते सरावाला वापर. काटे काढणं, मेनस्प्रिंगची (घड्याळ चालवणाऱ्या मुख्य स्प्रिंगची) चावी उतरवणं आणि मगच बॅलन्स (वेळेचे ठोके देणारं झुलतं चाक) काढणं, स्क्रूची खाच न बिघडवता तो फिरवणं, हे सगळं त्यावर कर. बाकीची दोन तशीच ठेव. पुढचे पैसे स्क्रूड्रायव्हरच्या चांगल्या संचावर आणि भिंगावर घाल. मग गावातला जुना घड्याळजी शोध. पुण्यात जुन्या बाजारात किंवा मुंबईला चोर बाजारात फिरशील तेव्हा भाव विचारण्याआधी कुणाकडे चांगलं काम होतं ते विचार. अशा माणसाजवळ बसायला मिळालं तर बस, हात बघ, मध्ये बोलू नकोस. त्यांच्या डब्यांत एच.एम.टी.चे मूळ बॅलन्स, चाव्या, काटे असतील तर मागतील त्या भावाने घे, घासाघीस करू नकोस. ते भाग आता कारखान्यातून येत नाहीत.

तुझा,
काका