सरवा वेचणारी आजी आणि मिलेचं चित्र

छायाचित्रण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बारावीत आहे. आमचं पाच एकर कोरडवाहू वावर आहे. फोटोग्राफीच्या अभ्यासक्रमासाठी ‘तुमची पार्श्वभूमी आणि प्रेरणा देणाऱ्या कलाकृती’ यावर ३०० शब्द लिहायचे आहेत. घरात कुणी कलाकार नाही, मोठं संग्रहालय मी पाहिलेलं नाही. जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि १८-५५ मिमीची लेन्स आहे. सोयाबीनच्या सोंगणीनंतर सरवा, म्हणजे वावरात मागे राहिलेल्या शेंगा, वेचणाऱ्या आजीचे आणि चुलीपाशी बसलेल्या आईचे फोटो आहेत. काय लिहू?
— विद्यार्थिनी, घाटंजी तालुका

उत्तर : आधी काय गाळायचं ते सांगतो. ‘लहानपणापासून फोटोंची आवड आहे’ हे वाक्य कुणाच्याही अर्जात चालतं, म्हणून तुझ्या अर्जात नको. घरची परिस्थिती एका ओळीत आटोप. मग शंभरेक शब्द तू रोज काय पाहतेस त्याला दे : घरात उजेड कुठून येतो, चुलीपाशी भरदिवसा किती अंधार असतो, कोणत्या कामाच्या दिवसांत कॅमेरा हातात घेताच येत नाही. तुझी नजर कुठे तयार झाली, हे त्यातून कळतं.

प्रेरणेसाठी दहा नावं नकोत. दोन चित्रं पुरेत, आणि ती तुझ्या फोटोंच्या अगदी जवळची आहेत.

पहिलं फ्रान्सच्या ज्याँ-फ्रान्स्वा मिलेचं, १८५७ सालचं. त्यात तीन बाया कापणी झालेल्या शेतात सरवाच वेचताहेत. दोघी पार वाकलेल्या, तिसरी अर्धवट उठलेली. चेहरे जवळजवळ दिसत नाहीत. मागे दूर उन्हात मोठाल्या गंज्या, भरलेली गाडी आणि घोड्यावरचा मुकादम. बाया मात्र मातीला धरून आहेत. कॅमेऱ्याने हे असं साधतं : सपाट वावरात क्षितिजाची रेघ कॅमेऱ्याच्या उंचीवरून जाते. तू उभी राहून पाच फुटांवरून फोटो काढलास, तर तीन फुटांवर वाकलेली आजी पूर्ण क्षितिजाखाली राहते. उकिडवं बसून दीड फुटावरून काढलास, तर तिची पाठ आभाळात चढते. दोन्ही काढ, शेजारी ठेव आणि कोणता का निवडलास ते लिही. लेन्स १८वर, म्हणजे सर्वांत जास्त भाग दिसतो तिथे, ठेवून अगदी जवळ जाऊ नकोस. कॅमेऱ्याकडचा हात भलता मोठा आणि मागचं शरीर आखूड दिसतं. ३५च्या आसपास ठेव, शटर १/२५० सेकंद.

दुसरं चित्र डच चित्रकार योहानेस व्हर्मीरचं, सुमारे १६५८ ते १६६० मधलं. स्वयंपाकघरात एक बाई दूध ओततेय. चित्र जेमतेम ४५ सेंटिमीटर उंच, पण भिंतीतला खिळा आणि निघालेल्या खिळ्यांची भोकंसुद्धा त्याने सोडलेली नाहीत. खिडकी डावीकडे आहे. बाईची जी बाजू सावलीत आहे, तिच्यामागची भिंत उजळ ठेवली आहे, म्हणून काळोखी कड सुटून दिसते. धुराने काळ्या झालेल्या भिंतीपुढे आईचा चेहरा बुडतो, तो नेमका याच कारणाने. चूल हलवता येत नाही, तेव्हा तू हल : सावलीतल्या गालामागे सारवलेली भिंत किंवा उघडं दार येईल तिथे बस. तरीही काळोख वाटला तर त्या बाजूला दोन-तीन फुटांवर पांढरं धोतर धरायला सांग, जाळापासून लांब. फ्लॅश बंद, शटर १/६० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची तीव्रता) १६०० ते ३२००. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची सेटिंग, ‘डेलाइट’वर ठेव, ऑटोवर कॅमेरा जाळाचा तांबूसपणा धुऊन टाकतो.

मग लिहिणं सोपं होतं : ‘मिलेच्या चित्रातल्या बाया क्षितिजाच्या वर येत नाहीत. आजीचा फोटो मी आधी बसून काढला होता, त्यात ती पुतळ्यासारखी वाटली. उभं राहून काढल्यावर ती वावरातली झाली.’ अशी चार वाक्यं तुझ्या स्वतःच्या अनुभवाची हवीत. न केलेला प्रयोग लिहू नकोस. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो.

प्रश्न : मुलांना परदेशी चित्रंच का दाखवायची? आपल्या भागातलं काय सांगावं?
— कलाशिक्षक, वाशीम जिल्हा

उत्तर : तुमच्या गावापासूनच सुरुवात करा. अजिंठ्याच्या १६व्या लेण्यातला शिलालेख वराहदेवाचा. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री होता, आणि वाकाटकांच्या त्या शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम. चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, चित्रकार सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले. छायाचित्रणात अकोल्याचे सुधारक ओलवे आहेत; मुंबईच्या सफाई कामगारांवरचं त्यांचं कृष्णधवल काम मुलांना जरूर दाखवा. गडचिरोलीतल्या मार्कंडा देवस्थानी सहल नेलीत तर मूर्तींवर समोरून ऊन पडलं असताना एक आणि ऊन भिंतीला घासून जात असताना एक, असे दोन फोटो काढायला लावा. पहिल्यात दगड सपाट होतो, दुसऱ्यात उठाव येतो. उजेडाचा याहून चांगला धडा वर्गात देता येत नाही.

मात्र नावांची यादी पाठ करून घेऊ नका. एका मुलाला एकच चित्र द्या. उजेड कुठून, सर्वांत गडद जागा कोणती, डोळा आधी कुठे जातो, एवढं १५ मिनिटांत वहीत लिहू द्या.

प्रश्न : वावरातल्या कापसाची बोंडं पांढरी फटक येतात, आणि घरातली कापसाची गंजी राखाडी. कॅमेरा बिघडला का?
— हिंगणघाट तालुका

उत्तर : कॅमेरा ठीक आहे. त्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मधल्या राखाडी उजेडाचं आहे असं धरून चालतं. वावरात काळी माती आणि गडद पानं जास्त, बोंडं थोडी. मीटर एकूण चित्र उजळवतं आणि बोंडांतले धागे जळतात. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मीटरपेक्षा गडद वा उजळ करायची सेटिंग) उणे २/३ ते उणे १ ठेवा. घरात चौकटभर पांढरा कापूस असतो, मीटर तो काळवंडवतं. तिथे अधिक १ ते अधिक १.५ द्या. दोन्हीकडे हिस्टोग्राम बघा, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं किती आहे ते दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख. उजव्या भिंतीला आलेख चिकटला तर धागे गेले, ते नंतर परत आणता येत नाहीत. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढलंत तर थोडी सवलत मिळते. वेचणीच्या दिवसांत वावरात लेन्स बदलू नका. तंतू आणि धूळ सेन्सरवर बसते आणि आभाळात काळे ठिपके दिसतात.

प्रश्न : पोर्टफोलिओत १५ फोटो द्यायचे आहेत. भेगाळलेली जमीन, आभाळाकडे बघणारा शेतकरी घालू का?
— विद्यार्थी, मेहकर तालुका

उत्तर : नको. तो फोटो निवड करणाऱ्यांनी आधीच पाहिलेला असतो, आणि त्यातल्या माणसाबद्दल त्यातून काही कळत नाही. अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँगने १९३६ साली कॅलिफोर्नियात काढलेला स्थलांतरित आईचा फोटो जगभर गेला, पण त्या बाईचं नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, लोकांना कळलं ते १९७८ मध्ये. तिला त्या फोटोचा त्रासच झाला. ज्याचा फोटो काढशील त्याला विचार, नाव आणि काम वहीत टिपून घे आणि एक छापील प्रत नेऊन दे. अर्जात नाव द्यायचं की नाही, हे त्यालाच ठरवू दे.

१५ फोटोंत एकाच प्रसंगाचे दोन नकोत. ८ बाय १२ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. मोबाइलचा फोटो ४:३ असतो, त्यामुळे या आकारात कड कापली जाते. त्याची प्रिंट ९ बाय १२ काढ. स्टुडिओला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव, नाहीतर बारीक तपशील गळून प्रिंट मेणचट येते.