टोसिसची (खाली पडलेल्या वरच्या पापणीची) पहिली शस्त्रक्रिया करण्याआधी

ऑक्युलोप्लास्टी, म्हणजे पापण्या आणि डोळ्यांभोवतीच्या भागाची शस्त्रक्रिया, निवडलीस, फार आनंद झाला. टाके कुठे घ्यायचे हा तुझा प्रश्न जरा बाजूला ठेव आणि आधी मोजपट्टी हातात घे. अंगठ्याने भुवई घट्ट दाबून धर, रुग्णाला खाली आणि मग वर बघायला सांग, पापणीची कड किती मिलिमीटर सरकते ते मोज. नवशिके नेमकी भुवई दाबायलाच विसरतात. मग कपाळाचा स्नायू पापणी उचलतो आणि आकडा फसवा येतो. शस्त्रक्रिया तर याच आकड्यावर ठरते. हालचाल ४ मिमी किंवा कमी असेल तर सहसा फ्रंटॅलिस स्लिंग (पापणी कपाळाच्या स्नायूला जोडून टांगणे), त्याहून बरी असेल तर लिव्हेटरवर, म्हणजे पापणी उचलणाऱ्या स्नायूवर, काम. मधल्या छटा पुढे शिकशील.

टेबलावर घेण्याआधी एवढं बघच:

- पापणी अचानक पडली आणि बाहुली मोठी दिसतेय? लगेच न्यूरोकडे (मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे) पाठव.
- संध्याकाळी जास्त पडते? मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार) आहे का ते तपास.
- डोळे मिटताना बुबुळ वर जात नसेल तर पापणी बेतानेच उचल. उघडा पडून कोरडा झालेला कॉर्निया (डोळ्यावरचा पारदर्शक पडदा) थोड्या खाली राहिलेल्या पापणीपेक्षा कितीतरी वाईट.

लहान मुलाची बाहुली झाकली जात असेल तर मात्र वाट बघू नकोस, डोळा आळशी होतो, म्हणजे त्याची नजर नीट तयार होत नाही. आणि आधीचे फोटो काढायला विसरू नकोस.